तोरखमहून परतलेल्यांच्या वस्तीत पाणी आणताना

मी भूजलशास्त्र शिकले आणि जालना जिल्ह्यात पाणलोट विकास व गावांच्या पाणीपुरवठ्याच्या कामात बरीच वर्षे घालवली. जुलै २०१७ ते जुलै २०१८ हे वर्ष मात्र मी अफगाणिस्तानच्या नंगरहार प्रांतात, पाकिस्तानातून परतलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांत पिण्याच्या पाण्याचे काम करत होते. परत आल्यापासून या क्षेत्रातल्या तरुण मंडळींचे फोन येत असतात. तिकडे जाण्यासाठी अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात, घरच्यांची समजूत कशी काढायची आणि बाईमाणसाला तिथे खरोखर काम करता येते का, असे त्यांचे प्रश्न असतात. प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा २०१७-१८ मध्ये जसे होते तसे सगळे एकदा क्रमाने लिहून काढावे असे ठरवले. संस्थेचे, वस्तीचे आणि सहकाऱ्यांचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण हे लिहिले तेव्हा ती माणसे तिथेच राबत होती.

जाहिरात जानेवारी २०१७ मध्ये पाहिली. त्याआधीच्या वर्षात पाकिस्तानातून सहा लाखांहून अधिक अफगाण माणसे मायदेशी परतली होती. त्यांतली पुष्कळ कुटुंबे १९७९ नंतरच्या सोव्हिएत युद्धात पळून गेलेली होती आणि पेशावरच्या आसपासच्या छावण्यांत व वीटभट्ट्यांवर त्यांनी दोन पिढ्या काढल्या होत्या. पाकिस्तानात पोलिसांचा जाच वाढला, राहण्याच्या ओळखपत्रांची मुदत काही महिन्यांपुरतीच वाढवून मिळू लागली, आणि त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने परतणाऱ्या नोंदणीकृत व्यक्तीमागची रोख मदत ४०० डॉलर केली. या सगळ्यामुळे २०१६ च्या उत्तरार्धात पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या तोरखमच्या चौकीवर ट्रकांची रीघ लागली. तोरखम ओलांडले की साधारण ७५ किलोमीटरवर जलालाबाद लागते. मूळ गावात जमीन उरलेली नाही किंवा तिथे लढाई चालू आहे, म्हणून हजारो कुटुंबे शहराभोवतीच्या माळांवरच थांबली. त्यांना पाणी हवे होते आणि संस्थेला विंधन विहिरींची माहिती असलेली व्यक्ती हवी होती. महिलांनी अवश्य अर्ज करावा, अशी एक ओळ जाहिरातीत होती. तिचे कारण पुढे वस्तीत गेल्यावर कळले.

फेब्रुवारीत इंटरनेटवरून मुलाखती झाल्या आणि एक लेखी चाचणीही झाली. चाचणीत उपसा चाचणीचे आकडे देऊन विहिरीची क्षमता काढायला सांगितली होती, ते आपल्याकडच्या कोणत्याही भूजल अभ्यासकाला जमेल. हातपंपांवरचे प्रश्न मात्र वेगळे होते. जालनेकरांना हातपंप म्हणजे घरचाच विषय. साठच्या दशकाच्या अखेरीस जालन्यातल्या मिशनच्या कार्यशाळेत तयार झालेला पंप, सोलापुरात त्यात झालेली सुधारणा आणि त्यांवरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साह्याने बेतलेला इंडिया मार्क-टू ही वंशावळ मला तोंडपाठ होती. अफगाणिस्तानच्या ग्रामीण भागात मात्र वेगळे पंप प्रचलित आहेत. उथळ विहिरींना इंडस, साधारण ४५ मीटरपर्यंत काबूल आणि ६० मीटरपर्यंत पामीर असे ते तीन प्रकार असून तिन्ही आफ्रिकेत विकसित झालेल्या अफ्रिडेव्ह पंपाच्या घराण्यातले आहेत. मार्क-टू बिघडला की लोखंडी पाइपांची अख्खी माळ वर ओढावी लागते, त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि माणसे यावी लागतात. या पंपांत प्लॅस्टिकचा पाइप जागेवरच राहतो आणि दट्ट्या व झडप सळ्यांसकट वर काढता येते. एक पाना आणि दोन माणसे पुरतात. जिथे सरकारी गाडी महिनोन्महिने फिरकत नाही, तिथे या फरकावर पंपाचे आयुष्य ठरते. अर्ज करणाऱ्यांनी हे आधी वाचून जावे.

मार्चमध्ये निवडीचे पत्र आले आणि कागदपत्रे सुरू झाली. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. तेव्हा त्याचे शुल्क ५०० रुपये होते आणि स्थानिक पोलीस ठाण्यातला तपास लवकर झाला तर काम आठवड्या-दोन आठवड्यांत होते. पदवीचे प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून आणि मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावे लागले, त्यात एप्रिल संपला. अफगाणिस्तान हा उत्प्रवास तपासणी (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधीची सरकारी परवानगी) लागणाऱ्या देशांच्या यादीत आहे, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. दहावी उत्तीर्ण असलेल्यांना ती तपासणी लागत नाही. परंतु जुन्या पासपोर्टवर तसा शिक्का राहून गेला असेल, तर तो आधीच काढून घ्यावा. विमानतळावर त्याचा खुलासा करत बसणे शहाणपणाचे नाही.

व्हिसाचा अर्ज मे महिन्यात दिल्लीत दूतावासाकडे दिला. ३१ मे रोजी काबूलमध्ये जर्मन दूतावासाजवळ स्फोटकांनी भरलेल्या टँकरचा स्फोट होऊन दीडशेहून अधिक माणसे मेली. घरात दूरदर्शन संच चालू होता आणि मी जाणार त्याच शहराची चित्रे दिसत होती. आई काही बोलली नाही, वडिलांनी मात्र मुलाखतीपासूनचे सगळे कागद मागून घेऊन वाचले. त्याच्या आदल्या वर्षी काबूलमध्ये मदतसंस्थेत काम करणाऱ्या एका भारतीय महिलेचे अपहरण झाले होते आणि महिन्याभराने सुटका झाली होती, हेही त्यांना ठाऊक होते. घरच्यांची समजूत काढण्याची युक्ती मला सांगता येणार नाही. मी एवढेच केले, की संस्थेची सुरक्षा नियमावली, विम्याची कागदपत्रे आणि करार मोडून केव्हाही परतता येईल हे कलम त्यांच्यासमोर ठेवले. संस्थेने प्रवास ईदनंतरवर ढकलला. त्या मधल्या काळात माझ्या मुदत विम्याच्या अटी बारकाईने वाचल्या, तेव्हा युद्धक्षेत्रातला मृत्यू त्यात वगळलेला आढळला. संस्थेचा वेगळा विमा होता म्हणून निभावले. तो नसेल तर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निघण्यापूर्वी भरायच्या कागदांत एक बंद पाकीट असते. अपहरण झालेच तर समोर खरोखर आपणच आहोत आणि जिवंत आहोत याची खात्री पटावी, म्हणून ज्यांची उत्तरे केवळ आपल्याला ठाऊक असतील असे काही प्रश्न त्यात लिहून द्यायचे असतात. समाजमाध्यमांवर शोधून सापडेल अशी माहिती चालत नाही. मी आजोळच्या विहिरीवरच्या मोटेच्या बैलांची नावे लिहिली. हे पाकीट घरच्यांच्या देखत भरू नये.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीहून काबूलला पोहोचले. विमान जेमतेम दोन तासांचे आहे. काबूलच्या विमानतळावर तेव्हा परदेशी माणसाने उतरल्याबरोबर नोंदणीचे कार्ड करून घ्यायचे असे; त्यासाठी दोन छायाचित्रे हाताशी लागत आणि ते कार्ड परत निघेपर्यंत सांभाळायचे असे. घ्यायला आलेल्या गाड्या इमारतीपाशी येऊ शकत नसत, त्यामुळे सामान ओढत बरेच अंतर चालत वाहनतळापर्यंत जावे लागे. हलकी बॅग न्यावी. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या असाव्यात, जुन्या किंवा शाईचा डाग पडलेल्या नोटा पैसे बदलून देणारे सराफ घेत नसत. तेव्हा एका डॉलरला ६८ अफगाणींच्या आसपास मिळत, म्हणजे अफगाणी आणि रुपया जवळजवळ एकाच भावाचे होते. हिशेबाला ते फार सोयीचे पडले.

कामाच्या परवान्यासाठी पासपोर्ट सरकारी कार्यालयांत फिरत राहिला आणि तोवर काबूलबाहेर पडायची परवानगी नव्हती. या काळात सुरक्षेचे प्रशिक्षण झाले, त्यात तपासणी नाक्यावर कसे वागायचे, गोळीबारात गाडीतून कोणत्या बाजूने उतरायचे आणि रक्तस्राव कसा थांबवायचा हे शिकवले. उरलेला वेळ मी पश्तो शिकण्यात आणि जुने विहिरींचे अहवाल वाचण्यात घालवला. हे अहवाल म्हणजे खजिनाच आहे. १९८४ मध्ये पेशावरात निर्वासित महिलांच्या शिवणकामापासून सुरुवात केलेल्या डॅनिश समितीसारख्या संस्थांनी पुढे अफगाणिस्तानच्या खेड्यांत प्रचंड संख्येने विहिरी केल्या आणि त्यांची खोली, पाण्याची पातळी, मातीचे थर यांच्या नोंदी ठेवल्या. नव्या माणसाने पहिले काही दिवस या नोंदींवर खर्चावेत.

ऑगस्टच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी विमानसेवेने जलालाबादला गेले. रस्ता दीडशे किलोमीटरचाच आहे, पण माहीपर आणि सरोबीच्या घाटातून परदेशी कर्मचाऱ्यांनी जायचे नाही, असा संस्थेचा नियम होता. विमानात सामानाला २० किलोची मर्यादा होती. काबूल थंड हवेचे, तर जलालाबाद थेट आपल्या मे महिन्यातल्या मराठवाड्यासारखे. उकाड्याचे मला काही वाटले नाही. डोक्यावरून मोठी चादर, लांब कुडता आणि सैल सलवार हा वेष आमच्या सगळ्या महिला कर्मचाऱ्यांचा होता आणि मीही तोच ठेवला. अफगाण महिला सहकारी वस्तीत येताना सोबत भाऊ, नवरा किंवा मुलगा असे. त्या सोबत्याचा भत्ता अंदाजपत्रकात धरावा लागे. आरोग्य-स्वच्छतेची माहिती देण्यासाठी तर नवरा-बायकोची जोडीच नेमलेली होती; तो पुरुषांशी बोले, ती घरात जाई.

आमची वस्ती सुर्खरोद जिल्ह्यात, दक्षिणेला स्पिनघरचे डोंगर दिसतील अशा दगडगोट्यांच्या माळावर होती. दोनशेच्या आसपास कुटुंबे होती. पश्तो मला तोडकीमोडकीच येत होती, परंतु तिथल्या निम्म्या माणसांना, विशेषतः पेशावरात जन्मलेल्या मुलांना, चांगली उर्दू येत असल्यामुळे माझे हिंदी सरसकट चालले. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या काकांनी मला बाजी, म्हणजे ताई, म्हणून हाक मारली आणि पुढे वर्षभर मी सगळ्यांची बाजी झाले.

दोन शेजारी घरांत मदतीचा किती फरक असू शकतो, हे तिथे दिसले. एकाकडे पाकिस्तानने दिलेले निर्वासिताचे ओळखपत्र होते, म्हणून परतताना त्याला माणशी ४०० डॉलर मिळाले. एप्रिल २०१७ नंतर आलेल्याला २०० मिळाले. ज्याच्याकडे कार्डच नव्हते, त्याची गणना निर्वासितांत होत नव्हती आणि त्याला ती रक्कम मिळालीच नाही. ज्यांच्याकडे काही नव्हते, त्यांतले कित्येक जण सुर्खरोदच्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन जुंपले गेले होते. आपल्याकडच्या ऊसतोड कुटुंबांची उचल मी पाहिलेली आहे. फिटत नाही ती नाहीच, आणि मुले विटा पाडायला बसतात हेही तसेच. पुढे पंपाच्या देखभालीची वर्गणी ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरला.

त्या वेळी वस्तीला टँकरने पाणी मिळत होते. आणीबाणीच्या मदतकार्याचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हवे. दोनशे कुटुंबांना एवढे पाणी टँकरने पुरवण्याच्या महिन्याभराच्या खर्चात एक विंधन विहीर पंपासह उभी राहिली असती, हे गणित मी पहिल्या आठवड्यातच मांडले. कोणी ते खोटे म्हटले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जाताना आपण पाहिले आहे आणि ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाल्यावर इथेही टँकरचे प्रस्ताव सुरू झाले. टँकर एकदा लागला की तो का सुटत नाही, हे मला वाटते मराठी वाचकाला सांगायला नको. सुर्खरोदमध्ये मात्र कारण वेगळे होते. निधी आणीबाणीचा होता आणि जमिनीची मालकी स्पष्ट झाल्याखेरीज कायमस्वरूपी बांधकामावर तो खर्च करता येत नव्हता.

कुटुंबांनी भूखंड विकत घेतले होते. त्यांच्याकडे गावातल्या वजनदार माणसाने साक्षीदारांसमोर लिहून दिलेले कागद होते, बहुतेकांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुराणाबरोबर ठेवलेले. असा कागद गावात मानला जातो, न्यायालयाचा कबाला, म्हणजे अधिकृत मालकीपत्र, म्हणून नाही. सरकारच्या दप्तरी तो माळ सरकारी होता. शिवाय शेजारच्या जुन्या गावाचे म्हणणे होते, की हे आमचे चराऊ रान आहे. खाली पाणी कुठे आहे याचा अंदाज घेण्यासाठी मी माझे उपकरण घेऊन जमिनीचा विद्युतरोध मोजायला आले होते. प्रत्यक्षात सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने कागदांत गेले.

क्रम असा होता. आधी वस्तीच्या शूरेचा, म्हणजे पंचमंडळाचा, ठराव, त्यावर मलिकचा (गावप्रमुखाचा) शिक्का. मग वुलुसवालाचे, म्हणजे जिल्हाप्रमुखाचे, पत्र. त्यानंतर प्रांताच्या ग्रामीण पुनर्वसन व विकास खात्याची तांत्रिक मंजुरी, कारण प्रत्येक जलस्रोताची नोंद त्यांच्याकडे व्हावी लागे. निर्वासित व पुनर्वसन खात्याचा दाखला वेगळा आणि जमिनीच्या दप्तराचा अभिप्राय वेगळा. प्रत्येक मकतूबावर, म्हणजे सरकारी पत्रावर, आवक-जावक क्रमांक आणि तारीख असे, आणि ती तारीख तेव्हा हिजरी सौर पंचांगाची असे. माझ्या वर्षात १३९६ आणि १३९७ ही साले आली. क्रमांक लिहून घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचे नाही, हा धडा मी जालन्याच्या पंचायत समितीत शिकले होते आणि तो तिथे तंतोतंत लागू पडला. एका कार्यालयात आमचा कागद बरेच आठवडे एका टेबलावर पडून राहिला. तिथले कारकून सभ्य होते, रोज हिरवा चहा पाजत, तारीख मात्र देत नसत. शेवटी वस्तीतले चार वृद्ध स्वतः जाऊन त्यांच्या दारात बसले, त्या दिवशी सही झाली. मदतसंस्थेच्या परदेशी बाईपेक्षा पांढऱ्या दाढ्यांचे वजन अधिक आहे, हे नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे आणि लवकर त्यांना पुढे करावे.

जमिनीच्या दप्तराचा अभिप्राय आला, त्यात मालकी कोणाची हे ठरवलेले नव्हतेच. निकाल लागेपर्यंत पिण्याच्या पाण्याला हरकत नाही, एवढेच त्यात लिहिले होते. आम्हाला तेवढे पुरेसे होते. त्याच्या आधारे एक करारनामा केला, की जमीन पुढे कोणाचीही ठरली तरी विहिरी सार्वजनिक राहतील; त्यावर वस्तीच्या शूरेने, जमीन विकणाऱ्याने आणि शेजारच्या गावाच्या मलिकने अंगठे व सह्या केल्या. शेजारच्या गावाची सही मिळवण्यासाठी त्यांनाही एक विहीर द्यावी लागली. अंदाजपत्रकात ती नव्हती आणि निधी देणाऱ्यांना समजावताना पुष्कळ लिहावे लागले, पण परतलेल्यांनाच सगळे आणि शेजारचे मूळ गाव कोरडे अशी वाटणी केली असती, तर पहिल्याच उन्हाळ्यात पंपाचे हँडल कोणीतरी काढून नेले असते.

आता जागा ठरवायच्या होत्या. एका हातपंपामागे साधारण २५ कुटुंबे हे तिथले प्रमाण होते, त्यामुळे वस्तीला आठ पंप हवे होते. पुरुषांच्या बैठकीत सर्वानुमते ठरले, की पहिला पंप मशिदीजवळ व्हावा. ती जागा वक्फ (धर्मादाय) असल्याने तिच्यावर कोणाचा वाद नव्हता आणि वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाण्याची सोय होणार होती. कागदांच्या दृष्टीने ती सर्वांत निर्धोक जागा होती. त्याच दुपारी मी सहकारिणीबरोबर एका घरात गेले, तिथे बऱ्याच बायका जमल्या. त्यांनी एका दमात सांगितले, की मशिदीसमोर किंवा पुरुषांच्या हुजऱ्यासमोर (बैठकीच्या जागेसमोर) त्यांना उभे राहता येणार नाही. तो पंप पुरुषांचा. मग त्यांनी जमिनीवर काटकीने गल्ल्या काढून दाखवल्या. कोणत्या भिंतीआड पंप असला तर अंधार पडायच्या आधी सून एकटी जाऊन येऊ शकते, कोणत्या वळणावर रिकामटेकडी पोरे बसतात, कोणत्या घराचा कुत्रा चावतो. हा नकाशा कोणत्याही पुरुष अभियंत्याला मिळाला नसता, आणि जाहिरातीतल्या त्या ओळीचा उद्देश हाच होता.

दोन्ही याद्या समोर ठेवून तडजोड केली. मशिदीजवळ एक पंप ठेवला, तो पुरुषांनी आणि मुलग्यांनी वापरावा. बाकीचे सात गल्ल्यांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडच्या घरांनी आपापल्या भूखंडातली हातभर जमीन लेखी सोडून दिली अशा जागी. माझ्या विद्युतरोधाच्या मोजणीने यातल्या दोन जागा थोड्या सरकवल्या. एवढेच भूजलशास्त्र त्या निर्णयात होते.

२४ जानेवारी २०१८ रोजी जलालाबादेत एका आंतरराष्ट्रीय बालकल्याण संस्थेच्या कार्यालयावर हल्ला झाला आणि माणसे मेली. सगळ्या संस्थांनी काम थांबवले. मला काबूलला परत नेण्यात आले. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात परतले ते अधिक कडक नियमांसह : वस्तीत जाण्याची वेळ रोज वेगळी, मुक्काम दोन तासांच्या वर नाही, गाडीवर संस्थेचे चिन्ह नाही. खोदाईवर देखरेख करणाऱ्या भूवैज्ञानिकाला हे नियम म्हणजे शिक्षाच. मग तिथल्याच एका तरुण अफगाण अभियंत्याला मी रोजची नोंदवही आखून दिली आणि तो संध्याकाळी छायाचित्रे पाठवू लागला. काम खरे त्याने केले.

जालन्याच्या काळ्या पाषाणात हवेच्या दाबावरचे यंत्र एका दिवसात दोनशे फूट जाते. सुर्खरोदच्या माळाखाली वाळू, रेव आणि डोक्याएवढे गोटे आहेत. तिथे ते यंत्र लावले तर भोक वरचेवर ढासळते. म्हणून दोरावर टांगलेली जड छिन्नी उचलून आपटायची आणि चुरा बादलीने उपसायचा, ही जुनी पद्धत वापरतात. मोठा गोटा लागला तर दिवसभरात मीटरभरही प्रगती होत नाही. दर मीटरचा नमुना वेगळ्या पिशवीत भरून उन्हात ओळीने मांडलेला असे आणि मुले त्यातले रंगीत खडे पळवत. पाणी ३० मीटरच्या आसपास लागले, विहिरी ४० मीटरच्या आतबाहेर थांबवल्या, म्हणजे काबूल पंपाच्या आवाक्यात बसल्या. ठेकेदारावर लक्ष ठेवायची जागा म्हणजे जाळीदार पाइपाभोवती भरायची रेव. ती नदीतली, गोल, धुतलेली आणि एका मापाची हवी. चाळणी हातात घेऊन आपल्यासमोर चाळून घ्यावी, कारण एकदा भरल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. पंप, ओटा आणि तपासणी धरून एका विहिरीला तीन हजार डॉलरच्या घरात खर्च आला.

पाण्याच्या जंतुतपासणीला नमुना ४४ अंश तापमानात रात्रभर ठेवावा लागतो. दरुंट्याच्या धरणावरून येणारी वीज शहराला पुरत नाही, म्हणून त्या रात्री जनित्रासाठी डिझेल वेगळे राखून ठेवत असू. एका विहिरीत जंतू सापडले. क्लोरिनचा जोरदार डोस देऊन, उपसून, पुन्हा तपासल्यावर ती सुटली. फ्लोराइड आणि नायट्रेटचे नमुने काबूलच्या प्रयोगशाळेत गेले, निकाल मर्यादेत आले. तो कागद हाती येईपर्यंत पंप सुरू करायचा नाही यावर मी अडून बसले आणि त्यावरून शूरेशी थोडी बोलाचाली झाली, कारण मेचे ऊन सुरू झाले होते आणि रमजान तोंडावर होता.

१७ मे रोजी रमजान सुरू झाला, त्याच्या आदल्या आठवड्यात शेवटचा पंप बसला. ४० मीटरवरून पाणी ओढणारा दांडा जड असतो. आधीच्या पंपांवर दहा-बारा वर्षांच्या मुली पिवळे तेलाचे कॅन घेऊन आल्या आणि एकटीला जमेना म्हणून दोघी-दोघी दांड्याला लोंबकळू लागल्या होत्या. ते पाहून पुढच्या दोन पंपांचे ओटे आम्ही एका पायरीने उंच बांधले होते, म्हणजे त्यांचे वजन वरून पडेल. सांडपाण्याचा पाट काढून त्याच्या टोकाला तुतीची रोपे लावली.

देखभालीसाठी वस्तीतलाच एक सायकल दुरुस्त करणारा तरुण मेकॅनिक म्हणून तयार केला. खेड्यांत असा मेकॅनिक सुगीला गव्हावर पोसतात. इथे कोणाकडे शेतच नव्हते, त्यामुळे दर कुटुंबाने महिन्याला २० अफगाणी द्यायचे ठरले. रोजंदारी तेव्हा ३०० अफगाणींच्या आसपास होती, पण काम आठवड्यात दोन-तीन दिवसच मिळे. वीटभट्टीच्या उचलीत अडकलेल्या घरांना वर्गणी माफ करावी असा मुद्दा बायकांनी काढला आणि पुरुषांच्या शूरेने तो थोडी कुरकुर करून मान्य केला. अशी घरे कोणती, याची यादी मात्र लावायची नाही, असेही त्यांनीच सुचवले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात करार संपला. निघताना पगाराचे दाखले, अनुभवपत्र आणि विम्याची कागदपत्रे मागून घ्यावीत, नंतर पत्रव्यवहारात ती मिळायला वेळ लागतो. २०१७-१८ या आर्थिक वर्षात माझे भारतातले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी भरल्यामुळे मी आयकरासाठी अनिवासी ठरले, २०१८-१९ साठी मात्र निवासी ठरले. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती काढून ठेवल्याने हे सिद्ध करणे सोपे गेले. वस्तीच्या करारनाम्याचे तीन संच केले होते : एक शूरेकडे, एक ग्रामीण विकास खात्यात, एक संस्थेकडे. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या तरुण अभियंत्याचा निरोप आला. मशिदीजवळच्या पंपाचे रबर झिजले होते, ते मेकॅनिकने जलालाबादच्या बाजारातून आणून बसवले. जमिनीची फाइल पुढच्या कार्यालयात गेली होती आणि तिचा नवा क्रमांक त्याने मला कळवला.